जांभळ्या नळीतलं रक्त

तिला सगळे एकटोच बाई म्हणत. रक्त काढायला एकदाच टोचणार, दुसऱ्यांदा नाही, हा तिचा बाणा. सव्वीस वर्षं ती रोज सकाळी सातला ट्रे घेऊन वॉर्डांतून फिरत होती. ज्यांच्या शिरा हाताला लागत नाहीत अशी माणसं खास तिच्यासाठी राखून ठेवलेली असत. सुकलेल्या म्हाताऱ्या, गुबगुबीत बाळं, सलाइन लावून लावून हात काळेनिळे पडलेले, सगळे तिच्या वाट्याचे. "एकटोच बाईंना बोलावते," असं सिस्टर म्हणाल्या की पेशंट तिथेच अर्धा बरा व्हायचा. या नावाचा तिला अभिमान होता. नवी मुलगी कुणाला दोनदा टोचून परत आली की बाई बोलायच्या काही नाहीत, नुसत्या भुवया वर करायच्या. त्या भुवयांपेक्षा हेडसिस्टरची बोलणी परवडली, असं मुली आपसांत म्हणत.

रसायनशास्त्राशी मात्र बाईंचं शाळेपासून वाकडं. आणि नशिबाचा खेळ असा, की सख्ख्या बहिणीची मुलगी नेमकी त्याच विषयात पंडित निघाली. भाची शिकायला तीन वर्षं बाईंकडे राहिली होती. जेवताना पानावर बसूनसुद्धा पुटपुटायची, "पोटॅशियम पेशीच्या आत, सोडियम बाहेर." बाई म्हणायच्या, "आधी घास आत जाऊ दे, मग पोटॅशियमचं बघू." आता तीच भाची या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रिपोर्टवर सही करणारी मॅडम झाली होती. कामाच्या जागी ती मावशीला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणे आणि अहोजाहो करे. घरी गेल्यावर मावशी, आणि अगंतूगं. हा नियम दोघींनी कधी बोलून ठरवला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

भाचीनं दर गुरुवारी दहा वाजता एक तास सुरू केला होता. रक्त काढणाऱ्या सगळ्यांनी यायचं, आणि ज्या रक्ताला आपण रोज हात लावतो त्यात काय विरघळलेलं असतं, ते समजून घ्यायचं. आम्ल म्हणजे काय, क्षार म्हणजे काय, मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे नक्की काय होतं, असं अगदी पहिल्यापासून. बाई शेवटच्या बाकावर बसत आणि तासभर चष्मा पुसत. "सुई कुठे घालायची ते मला ठाऊक आहे," त्या बाजूच्या मुलीला सांगत. "पुढचं ते यंत्र जाणे आणि ही जाणे." हे भाचीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणत.

त्या गुरुवारी बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. तीन दिवस उलट्या आणि जुलाब होऊन आदल्या संध्याकाळी भरती झालेल्या. अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता, हात म्हणजे नुसती काटकी. दाखल करताना कुणीतरी दोन्ही कोपरांची चाळण करून ठेवली होती. शेजारी सून उभी होती, रात्रभर जागलेली.

"तुम्हीच ना त्या एकदाच टोचणाऱ्या?" आजींनी विचारलं.

"मीच."

"मग घ्या. त्या कालच्या पोरीनं नुसतं शिवणकाम केलं हातावर."

बाई हसल्या. मनगटाच्या मागे एक बारीकशी शीर त्यांच्या बोटाला लागली. डोळ्यांना दिसत नव्हती, पण बोटाला लागली. एकदाच टोचलं. सिरिंजमध्ये रक्त आलं, सावकाश आलं, आणि मध्येच आटलं. शीर मिटून गेली होती. बाईंनी असेल तेवढं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत सोडलं, कारण ती नळी रेघेपर्यंत भरावीच लागते. पोटॅशियम वगैरे तपासायच्या पिवळ्या टोपणाच्या नळीच्या वाट्याला जेमतेम तळ ओला होईल एवढं उरलं.

आता सरळ मार्ग एकच होता, पुन्हा टोचणं. बाईंनी आजींच्या हाताकडे पाहिलं. आजी डोळे मिटून निवांत पडल्या होत्या आणि सुनेला म्हणत होत्या, "बघ, कळलंसुद्धा नाही." हे ऐकल्यावर बाईंच्यानं पुन्हा सुई उचलवेना. आजींची कीव आली हे खरं. पण ती कीव निम्मी होती. बाकीचं निम्मं काय होतं ते बाईंना पुढे दोन तासांनी कळायचं होतं.

त्यांनी पाठ वळवली, ट्रेवर वाकल्या, जांभळ्या नळीचं टोपण उघडलं आणि त्यातलं थोडं रक्त पिवळ्या नळीत ओतलं. एका नळीतलं दुसरीत ओतायचं नाही, हा नियम त्यांना पाठ होता. पण तो त्यांना सांडलवंड होऊ नये म्हणून केलेला नियम वाटे, नवशिक्यांसाठीचा. रक्त या आजींचं, या नळीतही आजींचंच. आपल्याच घरातल्या एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात काढलं, तर त्यात पाप कसलं? टोपणांचे रंग म्हणजे कुठली नळी कुठल्या यंत्राकडे जायची त्याच्या खुणा, एवढीच त्यांची समजूत होती. सव्वीस वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

साडेनऊला त्यांचा फोन वाजला. भाची होती.

"बाई, खिडकीजवळच्या आजींचं सॅम्पल तुम्ही घेतलंत?"

"हो. का?"

"पोटॅशियम नऊच्या वर आलंय. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. असा माणूस बोलू शकणार नाही, बाई. जांभळ्या नळीतलं काही पिवळीत गेलं नाही ना?"

आजूबाजूला चार मुली उभ्या होत्या, ट्रे आवरत होत्या, आणि त्यातली एक आज सकाळीच बाईंच्या भुवया पाहून गेली होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

भाचीनं आवाज खाली आणला. "मावशी, खरं सांग. मी दुसरं सॅम्पल मागवते, त्यात काय एवढं."

"त्या म्हातारीला परत टोचायचं? माझं सॅम्पल आहे ते. तू मला शिकवणार आता?"

"तसं नाही गं. तू नाही म्हणतेस तर नाही. मग मी सही करते. वॉर्डला कळवते, ते लगेच औषध सुरू करतील."

फोन बंद झाला. बाईंनी स्वतःची समजूत घातली. आजारी आहेत, औषध देतील, चांगलंच आहे. चार थेंब जास्त गेले तर काय बिघडतं. आणि घड्याळात दहाला पाच कमी झाल्यावर त्या तासाला जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

भाची त्या दिवशी थोडी गडबडलेली दिसत होती. तिनं फळ्यावर एक मोठा गोल काढला. आत पोटॅशियम, बाहेर सोडियम. बाईंना तो गोल जेवणाच्या ताटाएवढा ओळखीचा होता.

"पोटॅशियम पेशीच्या आत भरपूर, आणि बाहेर, रक्तात, अगदी चिमूटभर," भाची सांगत होती. "आत आणि बाहेर जो फरक आहे ना, त्याच्यावर हृदयाचा ठोका चालतो. बाहेरचं थोडं वाढलं तरी ठोका चुकतो. कमी झालं तरी चुकतो. निसर्गानं इथे चिमटीनं मोजलंय, ओंजळीनं नाही."

मग ती नळ्यांकडे वळली. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं, तिनं सांगितलं. जांभळ्या नळीच्या आतून एक क्षार लावलेला असतो. खेकडा नांगीत धरतो तसा तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि सोडत नाही. सुटं कॅल्शियम उरलं नाही की रक्त गोठत नाही, पातळच राहतं, आणि पेशी मोजायला तसंच हवं असतं.

बाईंचा हात चष्म्यावर थांबला. सव्वीस वर्षं त्या ही नळी हातात घेत होत्या, भरली की हलक्या हातानं उलटसुलट करत होत्या. आत काही लावलेलं असतं, ते मिसळायला उलटसुलट करायचं असतं, एवढं त्यांना माहीत होतं. काय लावलेलं असतं ते नव्हतं.

"आणि हा क्षार पोटॅशियमचा असतो," भाची म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, समजा एका नळीत कमी पडलं म्हणून जांभळीतलं ओतलं तर? रक्त तर त्याच पेशंटचं."

बाईंना त्या मुलीची पाठ थोपटावीशी वाटली. आपला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तो किती शहाणा वाटतो.

"रक्त त्याचंच," भाची म्हणाली, "पण त्याच्याबरोबर नळीतला क्षारही जातो. मग यंत्राला काय दिसणार?" ती फळ्याकडे वळली. पोटॅशियमपुढे वर जाणारा बाण काढला. कॅल्शियमपुढे खाली जाणारा बाण काढला. आणि तिचा खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला.

बाई त्या पाठीकडे बघत राहिल्या. पाच वर्षांची असताना दुधाचं भांडं सांडून ही मुलगी अशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. तेव्हा लाज तिची होती. आता भाची मागे वळून बघत नव्हती, आणि का बघत नव्हती ते बाईंना चांगलं कळलं. वळली असती तर तिचे डोळे शेवटच्या बाकावर गेले असते आणि मग पंधरा मुलींचे डोळे तिथे गेले असते. ती मावशीची अब्रू पाठीनं झाकून उभी होती.

"असा रिपोर्ट आला," भाची फळ्याकडे बघूनच म्हणाली, "तर आधी हीच शंका घ्यायची. आणि समोरचा कितीही नाही म्हणाला, अगदी घरचा माणूस असला, तरी दुसरं सॅम्पल मागवायचं. मग सही."

"आणि तसाच रिपोर्ट गेला तर?" त्याच मुलीनं विचारलं.

"पोटॅशियम कमी करायचं औषध देतात. इन्शुलिन देतात, साखरेच्या पाण्याबरोबर. ते रक्तातलं पोटॅशियम पेशीत ढकलतं. पण ते मुळात वाढलेलंच नसेल, उलट कमी झालेलं असेल..." तिनं खडू खाली ठेवला. "उलट्या-जुलाबांत ते वाहून जातं. अशा माणसाला हे औषध दिलं तर हृदय थांबू शकतं."

उलट्या, जुलाब, तीन दिवस. बाई उठून उभ्या राहिल्या.

इथे खोटं बोलून उपयोग नाही. उठताना त्यांच्या मनात सत्य सांगायचं नव्हतं. त्यांच्या मनात होतं की पोट दुखतंय म्हणून बाहेर जावं, व्हरांड्यातून वॉर्डला फोन लावावा आणि सांगावं, आजींचं सॅम्पल एकदा परत पाठवा, सहज. सगळं निभावलं असतं, नावाला केसाइतकाही धक्का लागला नसता. त्या दारापर्यंत गेल्यासुद्धा. दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की 'सहज' असं म्हटलं तर वॉर्डचा डॉक्टर औषध चालूच ठेवील. नवा रिपोर्ट यायला तास लागेल. पहिला रिपोर्ट खोटा आहे असं कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगितल्याशिवाय ती सुई थांबणार नाही, आणि तो खोटा आहे हे जगात एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं.

"मी ओतलं," बाई म्हणाल्या. "आजींच्या नळीत मी ओतलं. सकाळी तुला खोटं सांगितलं."

भाची वळली. टेबलावरचा फोन तिनं उचलला होता, बाईंचं वाक्य संपायच्या आधीच नंबर लावला होता. "खिडकीजवळच्या आजी. इन्शुलिन बंद करा, आत्ता, या मिनिटाला. रिपोर्ट चुकीचा आहे. हो, माझ्या सहीचा. माझ्याच सहीचा आहे तो."

बाईंनी कुणाच्या भुवया वर गेल्या का ते पाहिलं. गेल्या नव्हत्या. मुली खाली बघत होत्या, आणि ते भुवयांपेक्षा वाईट होतं.

दोघी जिन्यानं धावतच वर गेल्या. आजींच्या खाटेपाशी पडदा ओढलेला होता. आजी घामानं निथळत होत्या, पाय हलवता येत नाहीत म्हणत होत्या, आणि मॉनिटरवरची रेघ चार पावलं नीट चालून पाचव्याला ठेचकाळत होती. वॉर्डचा डॉक्टर, वयानं तरुण, एका हातात ईसीजीची पट्टी घेऊन उभा होता. "या पट्टीशी तो रिपोर्ट जुळतच नव्हता," तो म्हणाला. "पण मॅडमनी दोनदा विचारून खात्री केलीय असं कळवलं होतं." भाचीनं मान खाली घातली. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

ताजं रक्त हवं होतं. बाईंना पाहून आजींचा चेहरा उजळला. "आल्या," त्या सुनेला म्हणाल्या. "आता काळजी नाही. यांचा हात फार हलका."

बाईंनी टोचलं. शीर निसटली. दुसऱ्यांदा टोचलं, रक्त आलं नाही. आजी कण्हल्या. तिसऱ्यांदा टोचलं तेव्हा थेंब थेंब रक्त आलं. त्यांनी आधी पिवळी भरली, मग जांभळी, आणि दोन्ही नळ्या अशा वेगळ्या धरल्या की जणू त्यांच्यात सात पिढ्यांचं वैर आहे.

"असू दे," आजी म्हणाल्या. "माझ्या शिराच मेल्या चुकार."

हे बोलणं बाईंना सुईपेक्षा जास्त लागलं.

साडेतीनाच्या वर हवं असतं ते पोटॅशियम निघालं दोन पूर्णांक एक. भाची स्वतः यंत्रापाशी उभी होती. मग उलटा प्रवास सुरू झाला. जे पेशीत ढकललं होतं ते सलाइनमधून थेंबाथेंबानं परत द्यायचं, तेही हळूहळू, कारण घाई केली तर तेही मारतं. मॉनिटरवरची रेघ दुपारी दोनपर्यंत ठेचकाळत राहिली. सून आजींचा पाय चोळत बसली होती. बाई पडद्याबाहेर उभ्या होत्या. तुमची इथे गरज नाही, असं त्यांना कुणी सांगितलं नाही आणि बसाही म्हटलं नाही. दोननंतर रेघ सरळ चालायला लागली. आजींनी प्यायला पाणी मागितलं.

चार वाजता भाची प्रयोगशाळेतल्या टेबलावर एक छापील कागद घेऊन बसली. चूक झाली की भरायचा तो कागद. वरच्या अर्ध्या भागात तिनं स्वतःचं लिहिलं होतं. शंका आली असूनही नातेसंबंधामुळे दुसरं सॅम्पल मागवलं नाही, चुकीच्या रिपोर्टवर सही केली. नीटनेटक्या अक्षरात, खाडाखोड न करता.

"हे कशाला लिहिलंस?" बाई म्हणाल्या. "खोटं मी बोलले."

"तू बोललीस. मी मानलं. आकडे माझ्यासमोर ओरडत होते आणि मी तुझं ऐकलं." ती रडवेली झाली नव्हती, तेच बाईंना सोसवेना. "आईपेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास होता माझा."

बाईंनी खालचा भाग भरला. काय घडलं, किती वाजता, कोणत्या नळीतून कोणत्या नळीत. शेवटचा रकाना होता, असं पूर्वी घडलं आहे का.

पेन थांबलं. भाचीनं ते पाहिलं. मग ती कागदाकडे न बघता हळू म्हणाली, "मावशी, तो रकाना रिकामा ठेवलास तरी चालतं. पुष्कळ जण ठेवतात."

सव्वीस वर्षं बाईंच्या डोळ्यांपुढून सरकली. ती सुकलेली माणसं, ती बाळं. एक टोच, एक टोच, एक टोच. त्यातल्या कितींच्या वेळी शीर आटली होती आणि त्यांनी पाठ वळवून ट्रेवर वाकून टोपण उघडलं होतं? एकटोच हे नाव काही हाताच्या कसबावर मिळालं होतं आणि काही त्या वाकण्यावर. त्यातली किती माणसं चुकीच्या आकड्यांनी घरी गेली असतील, आणि किती गेली नसतील, हे आता कुठल्याच यंत्राला सांगता येणार नव्हतं.

त्यांनी आधी 'आठवत नाही' असं लिहिलं. ते खोडलं. मग 'पुष्कळदा' असं लिहिलं आणि कागद भाचीपुढे सरकवला. भाचीनं तो वाचला. तिनं मावशीकडे पाहिलं नाही, आणि या वेळी ते अब्रू झाकायला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई खिडकीजवळच्या खाटेपाशी गेल्या. आजी उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आपणहून हात पुढे केला.

"आधी ऐका," बाई म्हणाल्या, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. काल शीर आटली, तुम्हाला पुन्हा टोचायचं जिवावर आलं, माझं नाव राखायचं होतं, म्हणून एका नळीतलं दुसरीत ओतलं. त्यामुळे चुकीचं औषध गेलं. काल तुमचं जे झालं ते माझ्यामुळे झालं.

सून तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आजींनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि पांघरुणाखाली ठेवला.

"दुसऱ्या कुणाला पाठवा," त्या म्हणाल्या. रागानं नाही, साध्या आवाजात.

बाईंनी ट्रे उचलला आणि सर्वांत नव्या मुलीला आत पाठवलं, तासाला प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीला. स्वतः पडद्याबाहेर थांबल्या. आतून आजींचा कण्हण्याचा आवाज आला, म्हणजे पहिली टोच फुकट गेली. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग मुलगी बाहेर आली, घाबरीघुबरी, ट्रेमध्ये पिवळी आणि जांभळी, दोन्ही नीट भरलेल्या.

"दोनदा टोचावं लागलं, बाई," ती मान खाली घालून म्हणाली.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.